नागरिकत्वाचं सीएए पोर्टल: फी पन्नास रुपये, कस लागतो तो तारखांचा

कोल्हापुरात निर्वासितांचा विषय निघाला की बोट आपसूक शेजारच्या गांधीनगरकडे जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याला पोलिश कुटुंबांची छावणी होती, फाळणीनंतर तिथंच सिंधी कुटुंबं वसली, आणि आता त्या कापड पेठेत दिवाळीआधी गाडी लावायला जागा मिळत नाही. फाळणीच्या वेळी आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय राज्यघटनेनंच केली होती. अडकले ते नंतरचे. नातेवाइकांकडे व्हिसावर आले, परत गेले नाहीत, मुदत वाढवत वाढवत इथंच केस पांढरे झाले, अशी माणसं देशभर आहेत. त्यांच्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयानं ११ मार्च २०२४ ला नियम काढले आणि ‘इंडियन सिटिझनशिप ऑनलाइन’ या पोर्टलवर सीएए २०१९ ची, म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याची, वेगळी खिडकी उघडली. हे परीक्षण त्या सेवेचं. कायदा बरा की वाईट हा वाद इथं नको. अर्जाला काय लागतं आणि कुठं अडतं, तेवढंच बघू.

निकाल आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. कागदांची यादी सरकारी मानानं बरीच सैल आहे, फी नावापुरती आहे, पोर्टलही चालतं. गुण कापले ते मुख्यतः एकाच कारणासाठी. अर्ज भरताना तुमचे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून कुणी बघत नाही. पोर्टल फक्त फाइल चढली की नाही ते पाहतं. नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, हे पहिल्यांदा दिसतं ते थेट अर्ज तपासणाऱ्या जिल्हा समितीच्या टेबलावर.

पात्रता ठरलेली आहे. पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी किंवा ख्रिश्चन, आणि भारतात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत प्रवेश केलेले. बाकीच्यांनी या खिडकीवर वेळ घालवू नये, त्यांना नागरिकत्वाचा नेहमीचा रस्ता आहे. एक गोंधळ सप्टेंबर २०२५ पासून वाढलाय. त्या महिन्यात नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि सोबत सवलतीचा आदेश निघाला. याच समुदायांतले जे लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले, त्यांच्याकडे वैध पासपोर्ट-व्हिसा नसला तरी त्यांना शिक्षेतून सूट मिळाली. ही सूट राहण्यापुरती आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे, ती दहा वर्षांनी पुढं सरकलेली नाही. ‘आता २०२४ पर्यंतच्यांना नागरिकत्व मिळतंय’ असं सांगून कुणी अर्ज भरून देत असेल तर पैसे देऊ नका.

जुन्या पद्धतीशी तुलना केली तर या सेवेची किंमत कळते. पूर्वी केंद्रानं काही जिल्हाधिकाऱ्यांना नोंदणीचे अधिकार दिले होते, महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर. कोल्हापूर त्यात नव्हतं. म्हणजे इथली फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्याच्या गृह खात्याकडे आणि तिथून दिल्लीला, असा प्रवास. शिवाय अर्ज मान्य व्हायच्या टप्प्यावर मूळ देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा, म्हणजे दिल्लीत वकिलातीच्या दारात उभे राहा. सीएएच्या अर्जात हे सगळं एका घोषणापत्रावर भागतं: अर्ज मंजूर झाला की माझं मूळ देशाचं नागरिकत्व कायमचं संपलं, पुढं त्यावर दावा सांगणार नाही. एवढ्या एका बदलासाठीही या सेवेला गुण द्यावेत.

आता फॉर्म. मोबाइल नंबर, ई-मेल, ओटीपी टाकून खातं उघडलं की पोर्टल काही प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून कुठला फॉर्म ते ठरवतं. इथं घाईनं टिचक्या मारल्या तर भलताच फॉर्म गळ्यात पडतो. गांधीनगरसारख्या ठिकाणी प्रश्न येतो तो मुख्यतः दोन फॉर्मचा. २-ए हा भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी. कायद्यात त्याचा अर्थ असा की तुम्ही स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक अखंड भारतात जन्मलेलं असावं. वडील १९४० साली शिकारपूरला किंवा सक्करला जन्मले असतील तर तुम्ही यात बसता, पण त्यांच्या जन्माचा कागद हवा. तो नसेल तर ८-ए, म्हणजे देशीकरणाचा (वास्तव्याच्या वर्षांवरून नागरिकत्व मिळवण्याचा) फॉर्म. त्यासाठी एरवी अकरा वर्षांचं वास्तव्य लागतं, या समुदायांना ते पाच वर्षांवर आणलंय, आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग. २०१४ च्या आधी येऊन इथंच राहिलेल्याला वर्षांची अडचण नाही. अडतं ते शेवटच्या बारा महिन्यांत. भाचीच्या लग्नाला सीमेपलीकडे जाऊन आलात की सलगपणा तुटला. मग थांबून अर्ज केलेला बरा. भारतीय नागरिकाशी लग्न झालं असेल तर ३-ए, अल्पवयीन मुलांसाठी ४-ए. ४-ए भरायला पालक आधी नागरिक असावा लागतो, म्हणून आई-वडील आणि मुलं यांचे अर्ज एकाच दिवशी भरण्याचा आटापिटा व्यर्थ आहे.

मुलांवरून आणखी एक गैरसमज: पोरगं इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जन्मलं, महापालिकेचा जन्मदाखला आहे, म्हणजे ते भारतीय. तसं नाही. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्मानं नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्याचे आई किंवा वडील जन्माच्या वेळी नागरिक हवेत. त्याच्यापुढं दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख या तीन खणांत टाकून बघा. काही घरांत थोरल्याला अर्जच लागत नाही आणि धाकट्याला लागतो.

कागदांच्या दोन याद्या आहेत आणि दोन्हींतला किमान एकेक कागद लागतो.

पहिली यादी, अनुसूची १-ए, तुम्ही त्या देशाचे होता हे दाखवणारी. नऊ प्रकार आहेत: तिथला पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा-कॉलेजचं प्रमाणपत्र, सरकारी ओळखपत्र, परवाना, जमिनीचे किंवा भाडेकराराचे कागद, आई-वडील, आजोबा किंवा पणजोबा तिथले नागरिक होते असं दाखवणारं काहीही. पाकिस्तानचं तेरा आकडी संगणकीय ओळखपत्र कपाटात पडलं असेल तर ते चालतं. सगळ्यात मोलाची ओळ यादीच्या तळाशी आहे. हे कागद मुदत संपलेले असले तरी ग्राह्य धरले जातात. म्हणजे १९९९ ला मुदत संपलेला हिरवा पासपोर्ट आजही पुरावा आहे. तो नव्यानं काढायला वकिलातीत जायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये मंत्रालयानं आणखी खुलासा केला, की पूर्वज त्या देशाचे होते हे सांगणारा भारतातल्या केंद्र, राज्य सरकारचा किंवा अर्धन्यायिक संस्थेचा कागदही चालेल. यामुळे हातात तिकडचा एकही कागद नसलेल्यांची थोडी सुटका झाली.

दुसरी यादी, १-बी, ३१ डिसेंबर २०१४ च्या आत तुम्ही भारतात होता हे सिद्ध करणारी. वीस प्रकार आहेत आणि खरा कस इथं लागतो, कारण कागद सगळ्यांकडे असतात, कागदावर जुनी तारीख मात्र नसते.

रेशनकार्ड घ्या. कार्ड २००६ चं, पण मध्ये कधीतरी फाटलं, दुबार काढलं, नाव वाढवलं, आणि हातात आहे ते २०१९ च्या शिक्क्याचं. ते अपलोड केलं तर तुम्ही २०१९ ला इथं होता एवढंच सिद्ध होतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत जुन्या कार्डाचा क्रमांक देऊन मूळ नोंदीच्या तारखेचं पत्र मागा. आधारचंही तेच: पत्ता बदलून नव्यानं छापलेलं कार्ड कुचकामी, मूळ पत्र सापडलं तर ते वापरा. महावितरणच्या बिलाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण त्यावर ‘पुरवठा दिनांक’ छापलेला असतो. यंदाच्या बिलावरही जोडणीची जुनी तारीख दिसते. अट एकच, जोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. घरमालकाच्या नावाचं बिल कितीही जुनं असो, इथं कामाचं नाही.

बँकेचं पासबुक चालतं, पण पहिलं पान स्कॅन करा आणि सोबत खातं उघडल्याच्या तारखेचं, शिक्का-सहीचं पत्र घ्या. जुन्या पासबुकातल्या छपाईची शाई उडालेली असते, स्कॅनमध्ये नुसत्या राखाडी रेघा येतात. खातं एखाद्या सहकारी बँकेत असेल आणि ती दुसरीत विलीन झाली असेल, तर खाते क्रमांक बदललेला असतो; पत्रात दोन्ही क्रमांक लिहून घ्या, नाहीतर ते पासबुक तुमचंच कशावरून, असा प्रश्न येतो. विम्याची पॉलिसी, प्रॉव्हिडंट फंडाची नोंद, व्यवसाय परवाना, नोंदणीकृत भाडेकरार, लग्नाचं प्रमाणपत्र, पॅन दिल्याच्या तारखेचा कागद हे सगळं यादीत आहे. नोटरीचा भाडेकरार मात्र नोंदणीकृत नव्हे.

लोकप्रतिनिधीचं प्रमाणपत्रही चालतं: ग्रामपंचायत किंवा पालिकेचा निवडून आलेला सदस्य, तिथला अधिकारी किंवा महसूल अधिकारी. गांधीनगर, वळिवडे, उचगाव या गावांत ग्रामपंचायत सदस्य गाठणं सोपं. शहरात जरा तारीख बघा. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासक होता. त्या काळातल्या प्रमाणपत्रावर ‘नगरसेवक’ म्हणून सही असेल तर ती पदावर नसलेल्या माणसाची सही. तेव्हाचं प्रमाणपत्र हवं तर अधिकाऱ्याचं हवं. आणि मजकुरात ‘मी यांना ओळखतो, यांची वर्तणूक चांगली आहे’ एवढंच लिहून आणू नका. अमुक व्यक्ती अमुक सालापासून, ३१ डिसेंबर २०१४ च्या आधीपासून, या पत्त्यावर राहते, असं वाक्य हवं.

एका कागदाला मात्र तोड नाही. पोलिसांकडच्या परकीय नागरिक नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा निवास परवाना दोन्ही याद्यांत आहे. जिल्ह्यात ही नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. जुना परवाना असेल तर एकाच कागदात देशही सिद्ध होतो आणि तारीखही. दीर्घ मुदतीचा व्हिसा चालू असेल तर तो अर्जाच्या काळातही चालूच ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. ज्यांनी ‘नागरिकत्वाचा अर्ज केलाय, आता व्हिसा कशाला’ म्हणून मुदत जाऊ दिली असेल, त्यांना तेव्हा घाम फुटला असणार.

काय अपलोड करू नये, हेही सांगायला हवं. मतदार ओळखपत्र या यादीत नाही, आणि ते उगीच वगळलेलं नाही. मत देण्याचा हक्क नागरिकालाच असतो. अर्जात ‘मी पाकिस्तानचा नागरिक’ आणि सोबत भारताचं मतदार कार्ड, ही स्वतःच्याच हातानं दिलेली उलटतपासणी. असं कार्ड पूर्वी कुणाच्या सांगण्यावरून निघालं असेल तर अर्जाआधी वकिलाचा सल्ला घ्या. आधारचं तसं नाही, ते रहिवाशाला मिळतं.

अशीच एक गाठ शाळा सोडल्याच्या दाखल्यात असते. त्यात ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना आहे आणि कारकुनानं हात चालवत तिथं ‘भारतीय’ लिहिलेलं असतं, जन्मस्थळाला कधी ‘गांधीनगर, ता. करवीर’ही. मुलगा प्रत्यक्षात जन्मला कराचीत. हा दाखला १-बी मध्ये बसतो, पण तुमच्या १-ए च्या कागदाशी भांडतो. दुसरा कुठलाही जुना कागद असेल तर दाखला बाजूलाच ठेवा. नसेल तर मुख्याध्यापकांकडून मूळ रजिस्टरची नोंद तपासून दुरुस्ती करून घ्या.

नावांचा गुंता सिंध्यांच्या बाबतीत जास्त आहे. पाकिस्तानी पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत, आडनाव असेलच असं नाही. कोल्हापुरात आल्यावर आधार, बँक, शाळा सगळीकडे आपल्या पद्धतीनं नाव-वडील-आडनाव असं तीन तुकड्यांत लिहिलं गेलं. मग पासपोर्टवर ‘पवन कुमार’, आधारवर ‘पवनकुमार ठाकुरदास’ आणि पुढं आडनाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी तीन तऱ्हा. अर्जातलं नाव १-ए च्या कागदाप्रमाणे ठेवा, आणि बाकीची रूपं एका प्रतिज्ञापत्रात क्रमानं लिहून ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं नोटरी करून जोडा. उर्दू किंवा सिंधी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडाच. समितीतल्या माणसाला उर्दू येईल यावर अर्ज सोडू नये.

८-ए ला दोन प्रतिज्ञापत्रं लागतात: एक तुमचं, अर्जातला मजकूर खरा असल्याचं, दुसरं एका भारतीय नागरिकाचं, तुमच्या चारित्र्याबद्दल. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा येते असं घोषणापत्रही हवं. त्या यादीत सिंधी आहे, मराठीही आहे, इंग्रजी नाही. शिवाय स्थानिक समाजात मान असलेल्या संस्थेचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, की अर्जदार अमुक धर्माचा आहे आणि आजही आहे. सिंधी पंचायत, मंदिराचा ट्रस्ट, गुरुद्वारा यांच्या लेटरहेडवर ते निघतं. नमुना अनुसूची १-सी मध्ये दिलाय, तो शब्दशः वापरा. स्वतःच्या भाषेत गौरवपत्र लिहून देण्याची हौस ट्रस्टींना असते, तिला आवर घाला.

फी ५० रुपये, ऑनलाइन भरायची. ती भरली की पोचपावती तयार होते, त्यावरचा क्रमांक जपा. पुढचा टप्पा जिल्हास्तरीय समितीचा, आणि तिचे प्रमुख जिल्हाधिकारी नाहीत, डाक अधीक्षक आहेत. अर्जदार सवयीनं जिल्हाधिकारी कचेरीत चौकशीला जातो आणि तिथून कुणी धड सांगत नाही, ते यामुळेच. सोबत एनआयसीचा (सरकारच्या संगणक यंत्रणेचा) जिल्हा अधिकारी आणि केंद्राचा प्रतिनिधी असतो. तहसीलदार आणि स्टेशन मास्तर निमंत्रित. पोस्टाकडे हे काम देण्यात शहाणपण आहे, पोस्ट प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि लोक तिथं बिचकत नाहीत. पण पोस्टाच्या काउंटरवर नागरिकत्वाचं विचारलं तर ‘इथं नाही’ असंच उत्तर येण्याचा संभव जास्त. काउंटरवर विचारूच नका, अधीक्षकांच्या कार्यालयात पोचपावतीचा क्रमांक घेऊन जा. १०३२ ही हेल्पलाइनही याच कामासाठी जाहीर झालेली आहे.

समितीपुढं स्वतः हजर राहावं लागतं. मूळ कागद तपासले जातात आणि निष्ठेची शपथ तिथंच दिली जाते. अपलोड केलेला प्रत्येक कागद मूळ स्वरूपात, त्याच क्रमानं फाइलला लावून न्या. बोलावणं ई-मेल आणि मोबाइलवर येतं, म्हणून अर्जात कॅफेवाल्याचा ई-मेल टाकणं ही सगळ्यांत महागात पडणारी बचत. वारंवार संधी देऊनही हजर राहिलं नाही तर समिती अर्ज नाकारण्याच्या विचारासाठी वर पाठवते. वर म्हणजे राज्याची अधिकारप्राप्त समिती, जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची. त्यात गुप्तचर विभाग, एफआरआरओ (परकीय नागरिक नोंदणी कार्यालय), एनआयसी आणि पोस्टाचे वरिष्ठ असतात. अंतिम निर्णय त्यांचा. किती दिवसांत, याची मुदत पोर्टल सांगत नाही, आणि उरलेल्या दीड गुणातला अर्धा यासाठी कापलाय.

बेकायदा राहिल्याचा खटला चालू असेल म्हणून घाबरून अर्ज टाळू नये. नागरिकत्व कायद्याच्या कलम ६-बी प्रमाणे त्या कारणानं अर्ज अपात्र ठरवता येत नाही, आणि नागरिकत्व मिळालं की तो खटला संपतो. नागरिकत्वही प्रवेशाच्या तारखेपासून धरलं जातं. म्हणून अर्जातली प्रवेशाची तारीख अंदाजानं टाकू नका. पासपोर्टवरचा अटारीचा शिक्का भिंगाखाली वाचा, रंगीत स्कॅन करा, आणि तीच तारीख सगळीकडे लिहा.

प्रमाणपत्र डिजिटल सहीचं येतं. छापील प्रत हवी असेल तर अर्ज भरतानाच तसा पर्याय निवडायचा असतो. अर्ज नाकारला गेला आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालंय. रिट याचिकेसाठी मुंबईची गाडी धरायची गरज उरलेली नाही.